गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा बसते तेव्हा

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, बॅटरी-बिटरी हे ड्रायव्हरचं नि मिस्तरीचं काम, आम्हाला त्यात काय करायचं? पण गाडीच्या हप्त्याची नोंद कोणाच्या वहीत होते? बॅटरीचं बिल गटाच्या बैठकीत कोणासमोर येतं? आणि बंदी भागातल्या एखाद्या गावातून रात्री दोन वाजता बाळंतिणीला उमरखेडला न्यायचं असतं, तेव्हा सेल्फ मारल्यावर गाडी नुसती कटकट करत बसली तर अंगणात उभं राहून जीव कोणाचा टांगणीला लागतो? म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गटांकडे आता गाड्या आल्या आहेत. केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ साली सुरू झाली. बचत गटातल्या बाईनं कर्ज घेऊन प्रवासी गाडी चालवावी, असा तिचा हेतू. त्याशिवाय कोणी स्वतःच्या भांडवलावर पिकअप घेतली, कोणाच्या घरी ट्रॅक्टर आहे, कोणाकडे जुनी मारुती. ढाणकीच्या बाजारात माल आणायचा, हळद-कापूस न्यायचा, लग्नाची भाडी मारायची, सगळं त्यावरच. आणि या सगळ्या गाड्यांत एक तक्रार सारखी ऐकू येते: "ताई, वर्षभरात दुसरी बॅटरी टाकली, तरी गाडी सकाळी सुरू होत नाही."

या तक्रारीत एक गोम आहे. नवी बॅटरी टाकली की गाडी सुरू होतेच. दोष कुठेही असो, होतेच. कारण दुकानातून आलेली बॅटरी भरलेली असते. मग सगळ्यांना वाटतं, बघा, बॅटरीच खराब होती. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. तोवर जुनी बॅटरी भंगारात गेलेली असते, आणि "या कंपनीचा माल चांगला नाही" असं ठरवून गट दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेतो. खरा आजार गाडीतच राहतो. गटाचे काही हजार मात्र दर वर्षी जातात.

बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. घरातल्या रांजणासारखी समजा. रांजणात पाणी आपोआप येत नाही, कोणीतरी भरतं. गाडीत हे भरण्याचं काम अल्टरनेटर करतो. आपल्याकडे त्याला अजून डायनामोच म्हणतात. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्ट्यानं डायनामो फिरतो आणि बॅटरी भरत राहतो. सेल्फ मारताना एका दमात भसकन मोठा प्रवाह लागतो, छोट्या गाडीलासुद्धा शंभर-दीडशे अँपिअर, डिझेल गाडीला त्याहून बराच जास्त. तेवढ्या दोन-तीन सेकंदांसाठी मुख्यतः बॅटरी आहे. इंजिन एकदा सुरू झालं की लाइट, हॉर्न, पंखा बहुतेक डायनामोवरच चालतात.

आता रांजण सकाळी रिकामा सापडला, तर कारणं किती असू शकतात? रांजणच चिरलेला असेल. भरणारी आलीच नसेल. भरणारी आली, पण वाटेत हंडा गळत असेल. किंवा रात्रीतून कोणीतरी पाणी काढून नेत असेल. गाडीचंही नेमकं असंच आहे. बॅटरी खराब, डायनामो भरत नाही, मधल्या वायरीत किंवा जोडांत अडथळा, नाहीतर गाडी उभी असताना वीज कुठेतरी झिरपते. या चारांतलं एकच कारण नवी बॅटरी घेऊन बरं होतं. बाकी तीन कारणांत नवी बॅटरीसुद्धा जुनीच्याच वाटेनं जाते.

मग ओळखायचं कसं? त्यासाठी एक मीटर लागतो, डिजिटल मल्टिमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत साधा मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्या गटाकडे गाडी आहे, त्या गटाच्या कपाटात हा मीटर असलाच पाहिजे, वहीशेजारी. वजनकाटा ठेवतो तसा. लिहिता-वाचता येणारी कोणतीही मुलगी तो अर्ध्या तासात शिकते. त्याचं बटण डीसी व्होल्टच्या २० या खुणेवर फिरवायचं, लाल सुई बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी वजा टोकाला. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. बस.

पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडं वर दाखवते, कारण आत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्टचा. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ वर आली तर जेमतेम पाव उरली. हे बऱ्याच लोकांना पटत नाही, "बाराची बॅटरी बारा दाखवते, मग चांगलीच की!" असं म्हणतात. नाही. बारा म्हणजे तळ दिसायला लागला.

दुसरं माप सेल्फ मारताना. एकीनं मीटर बघायचा, दुसरीनं चावी फिरवायची. आकडा खाली जाणारच, पण साधारण ९.६ च्या खाली पडता कामा नये. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच सात-आठवर कोसळत असेल, तर रांजण चिरलेला आहे, बॅटरी बदलायची वेळ आली. सकाळीच १२ असेल आणि मग कोसळली, तर त्यावरून काहीच ठरत नाही. ती भुकेली आहे. आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यायची, एक रात्र ठेवायची, मग पुन्हा हेच माप. उपाशी माणसाला ओझं उचलायला लावून त्याला आजारी ठरवू नये.

तिसरं माप इंजिन सुरू असताना, बॅटरीच्याच टोकांवर. इथे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर बॅटरी नीट भरत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर जास्त भरते आहे, म्हणजे रेग्युलेटर, जुन्या भाषेत कटाऊट, बिघडला आहे. अशी बॅटरी तापते, तिचं पाणी भराभर संपतं, कधी फुगते. मग हेडलाइट, पंखा लावून पुन्हा बघायचं. आकडा थोडा उतरेल, पण थोडी रेस दिल्यावर साडेतेराच्या वर टिकायला हवा. एक सूचना: अलीकडच्या काही गाड्यांत संगणक ठरवतो की बॅटरी किती भरायची, तिथे हा आकडा गाडी चालू असताना खालीवर होतो. तशी गाडी असेल तर एका मापावर निकाल देऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

या तीन आकड्यांवर बहुतेक वेळा निम्मा उलगडा होतो. एका गटाची पिकअप अशीच होती. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या झालेल्या, तिसरीची तयारी. सकाळी १२.२, इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.१. मिस्तरी म्हणाला डायनामो गेला, नवा टाका. पण डायनामोवर माप घेतलं, त्याच्या जाड वायरीच्या बोल्टवर नि त्याच्या अंगावर, तर तिथे १४.३! म्हणजे भरणारी भरलेला हंडा घेऊन निघत होती, आणि सव्वा व्होल्ट वाटेतच सांडत होतं. शोधत गेल्यावर इंजिनापासून चेसिसकडे येणारी अर्थिंगची चपटी वायर सापडली, बोल्टखाली हिरवी झालेली, अर्धे तार तुटलेले. पॉलिश पेपरनं घासून, नवी पट्टी टाकून काम झालं. खर्च बॅटरीच्या पासंगालाही नाही. डायनामो बदलला असता तरी ही पट्टी तशीच राहिली असती.

इथे थोडं थांबते, कारण हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. वीज अधिक टोकातून जाते तशी वजा टोकाकडे परत यावी लागते, आणि गाडीत परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडच. इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॅटरी असे जोड असतात. आपल्याकडचे रस्ते, पावसाळ्यातला चिखल, खताची पोती वाहताना उडणारी पूड, हे सगळं त्या जोडांवर बसतं. युरियाची ओल लोखंड-तांबं खाते. तेव्हा वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी नि दिवाळीनंतर, हे जोड उघडून घासून घट्ट करायला सांगा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमते ना, तीही तीच गोष्ट. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशनं ती धुवायची, फेस येईल, घाबरू नका. बॅटरीची झाकणं मात्र तेव्हा घट्ट बंद हवीत, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. कोरडं करून, क्लॅम्प घट्ट आवळून, वरून व्हॅसलीनचा हात. क्लॅम्प हातानं हलवून हलत असेल तर तो सैल आहे. आधी ते करा, मग पुढचं बोला.

जोडांची परीक्षा मीटरनंही होते. लाल सुई इंजिनच्या अंगावरच्या स्वच्छ लोखंडाला, काळी बॅटरीच्या वजा टोकाला, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तो व्होल्ट त्या खराब जोडात जळतो आहे. ही मापं घेताना एक गोष्ट बजावून सांगते. इंजिन फिरत असताना पट्टा आणि पंखा फिरत असतो. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, वेणी मागे बांधलेली. डायनामोजवळचं माप मिस्तरीलाच घेऊ द्या, तुम्ही आकडा वाचा.

डायनामोकडून खरंच येत नसेल, तर आधी पट्टा बघायचा. ढिला झाला, चिरा पडल्या, सकाळी सुरू करताना चीं-चीं करतो, तर तो घसरतो आहे. पट्टा स्वस्त आहे. डॅशबोर्डवर बॅटरीच्या खुणेचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चालू गाडीत तो लागला, तर बॅटरी भरणं थांबलं आहे, आणि तुमच्याकडे बॅटरीत उरलंय तेवढंच. काही गाड्यांत हा दिवा जळाला तर डायनामो भरायला सुरुवातच नीट करत नाही, म्हणून "दिवा लागतच नाही, बरंय" असं समजू नका.

आणि एक जुनी खोड. काही मिस्तरी डायनामो तपासायला चालू इंजिनावर बॅटरीचं टोक काढून बघतात, गाडी बंद पडली नाही म्हणजे डायनामो चांगला. जुन्या काळच्या ट्रॅक्टरवर ते खपून गेलं असेल. आजच्या गाडीत त्या क्षणी विजेचा मोठा झटका उठतो आणि गाडीचा संगणक, रेग्युलेटर, टेप, काहीही जळू शकतं. कोणी असं करायला लागला तर हात धरून थांबवा. मीटर आहे ना आपल्याकडे.

आता चौथं कारण, रात्रीची चोरी. डायनामो ठीक, जोड ठीक, बॅटरी चार्जरवर भरून आणली, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की बसते. अशा वेळी गाडीत काहीतरी चालू राहतं आहे. डिक्कीतला पाच वॅटचा एक बल्ब झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. छोट्या कारची पस्तीसची बॅटरी तीन-चार दिवसांत साफ. घड्याळ, लॉक, संगणकाची आठवण यांना थोडी वीज लागतेच, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण तेवढ्यानंसुद्धा पंधरा दिवस उभी गाडी निम्मी रिकामी होते, हे लक्षात ठेवा. चोर बहुतेक वेळा नंतर जोडलेली वस्तू असते. मोठा टेप, लग्नाच्या भाड्यासाठी लावलेल्या रंगीत पट्ट्या, मोबाइलचं चार्जर, जीपीएस, भोंग्याचा अँप्लिफायर, आणि हे सगळं चावीच्या पुढून न घेता थेट बॅटरीवर जोडलेलं. पोराहौशीचं काम.

याची सगळ्यात सोपी परीक्षा मीटरशिवाय होते. रात्री गाडी लावताना बॅटरीचं वजा टोक सोडून ठेवा. असं तीन-चार रात्री करून सकाळी गाडी झटकन सुरू झाली, आणि टोक जोडून ठेवल्यावर पुन्हा बसायला लागली, तर चोरी गाडीतच आहे. टोक सोडूनही बॅटरी उतरली, तर दोष बॅटरीच्या आत. पुढे कोणती वस्तू खाते हे मिस्तरी मीटर मधे जोडून, एक एक फ्यूज काढून शोधतो. दारं लावून अर्धा तास थांबल्यावरच ते माप खरं येतं, कारण नव्या गाड्यांना "झोपायला" वेळ लागतो. घाई करणाऱ्याचं माप चुकतं.

एक पाचवं कारणही आहे, आणि त्यात बिघाड कोणाचाच नाही. गाडीचा वापर. घर ते ढाणकी, ढाणकी ते घर, मधे चारदा बंद-चालू, रात्री हेडलाइट, उन्हाळ्यात पंखा. बॅटरी एकदा पूर्ण बसली की ती तासाभराच्या प्रवासात भरून निघत नाही. शेवटचा हिस्सा फार हळू भरतो. म्हणून धक्का मारून गाडी सुरू केली, उमरखेडपर्यंत गेली-आली, आता भरली असेल, हा हिशोब खोटा आहे. तिला बाहेर काढून चार्जरवर सावकाश भरायची. पस्तीसच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरनं दहा-बारा तास. दहावा हिस्सा, असं लक्षात ठेवा. दोन तासांत भरून देतो म्हणणाऱ्या दुकानात जाऊ नका. आणि बसलेली बॅटरी तशीच कोपऱ्यात महिनाभर ठेवू नका. आत शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरट थर चढतो, ताजा असेल तोवर चार्ज केल्यावर विरघळतो, जुना झाला की दगडासारखा होतो. पावसाळ्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर दसऱ्याला सुरू होत नाही तो यामुळेच. उभ्या गाडीची बॅटरी महिन्यातून एकदा चार्जरवर लावा.

आपल्या उन्हाळ्याचंही बोलायला हवं. लोक म्हणतात थंडीत बॅटरी मरते. थंडीत ती उघडी पडते, मरते उन्हाळ्यात. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, बॉनेटखाली त्याहून वर. उष्णता वाढली की आतली झीज वेगानं होते. दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं, असा ढोबळ हिशोब आहे. गाडी सावलीत लावा, हा साधा उपाय कोणी करत नाही, पण कामाचा आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. पट्ट्या नेहमी बुडालेल्या हव्यात, खुणेच्या वर मात्र भरू नका. पाणी फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचं नाही, विहिरीचं नाही, आरओचंही नाही. आपल्या जिल्ह्यातलं पाणी किती क्षाराचं आहे ते भांड्यांवरचा पांढरा थर सांगतोच. तोच क्षार पट्ट्यांवर बसतो. आणि ॲसिड कधीही ओतायचं नाही. पाणी उडतं, ॲसिड आतच असतं. सगळ्या कप्प्यांचं पाणी भराभर आटत असेल तर गाडी जास्त भरते आहे, वरचं तिसरं माप घ्या. एकाच कप्प्याचं आटत असेल किंवा हायड्रोमीटरवर एकाच कप्प्याचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली असेल, तर तो कप्पा गेला. एक कप्पा गेला की बॅटरी गेली.

एवढं सगळं करून बॅटरीच बदलायची ठरली, तर दुकानात काय बघायचं? सोबत जुनी बॅटरी न्या, किंवा निदान तिचा फोटो, सगळे आकडे दिसतील असा. अँपिअर-तास, म्हणजे रांजणाचा आकार. छोट्या पेट्रोल कारला ३५ च्या आसपास, डिझेल पिकअप नि ट्रॅक्टरला त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, त्यापेक्षा कमी घेऊ नका. थोडं जास्त चालतं, जागेत नीट बसत असेल तर. बॅटरीवर ३८बी२०एल असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला २० म्हणजे लांबी, साधारण वीस सेंटिमीटर. शेवटचं एल किंवा आर अक्षर टोकं कोणत्या बाजूला आहेत ते सांगतं. हे चुकलं तर वायर पोचत नाही, मग पोरं ताणून लावतात आणि उलटी लावली तर डायनामो जळतो. जुनी-नवी शेजारी ठेवा, अधिकसमोर अधिक आलं पाहिजे.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारं इंजिन असेल तर त्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते, साधी टिकत नाही. आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत, गाडीची इन्व्हर्टरला, हे करू नका. गाडीच्या बॅटरीत पातळ पट्ट्या खूप असतात, एका दमात जोर द्यायला. इन्व्हर्टरच्या जाड असतात, सावकाश रात्रभर पुरायला. धावणाऱ्याला नांगराला जुंपल्यासारखं होईल.

कंपनी कोणती, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नावापेक्षा ताजेपणा बघा. बनवल्याची तारीख बॅटरीवर कोरलेली किंवा शिक्क्यात असते, प्रत्येक कंपनीची लिहिण्याची रीत वेगळी; दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. सहा महिन्यांपेक्षा जुनी, दुकानात पडून राहिलेली नको. तिथेच मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर "भरून द्या" म्हणू नका, दुसरी मागा. दुकानदाराला बाईनं मीटर काढलेला बघून नवल वाटेल. वाटू द्या.

वॉरंटीत बहुतेक गट फसतात. "४८ महिन्यांची" म्हणून सांगतात, पण कार्डावर २४ अधिक २४ लिहिलेलं असतं. पहिल्या चोवीस महिन्यांत खराब झाली तर फुकट बदलून, नंतरच्या चोवीसांत नव्या बॅटरीच्या किमतीत थोडी सूट. भाड्याच्या गाडीला अनेक कंपन्या कमी मुदत देतात. आपली गाडी भाडं मारते हे लपवून खाजगी म्हणून नोंदवली, तर पुढे दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. पक्कं बिल, गटाच्या नावानं, बॅटरीचा नंबर लिहिलेलं. कार्डावर शिक्का आणि तारीख. ऑनलाइन नोंदणी करत असतील तर मोबाइल नंबर गटाच्या अध्यक्षाचा किंवा सचिवाचा, ड्रायव्हरचा नाही. ड्रायव्हर बदलतो. दुकानदार टोलवाटोलवी करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि तेव्हा वहीतले आकडे कामाला येतात: डायनामो १४.२ देत होता, सकाळी बॅटरी ११.८, तारीखवार लिहिलेलं. "तुमच्या गाडीचाच दोष" हे मग त्याला सहज म्हणता येत नाही.

बॅटरी काढताना आधी वजा टोक, मग अधिक. लावताना उलट, आधी अधिक, शेवटी वजा. हाताला बांगड्या, पाटल्या असतील तर काढा किंवा कापडानं घट्ट बांधा, मंगळसूत्र पदराआत. अधिक टोक आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये सोन्याची बांगडी आली, तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, जवळ बिडी-काडी नको. ॲसिड उडालं तर डोळ्याला पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी आणि लगेच दवाखाना. सुती लुगड्यावर थेंब पडला तर आत्ता दिसत नाही, दोन धुण्यांनंतर भोक पडतं, तेव्हा लगेच सोड्याच्या पाण्यानं धुवा. बसवल्यावर खालची पट्टी घट्ट आवळा. आपल्या रस्त्यांवर हादऱ्यानं मेलेल्या बॅटऱ्या कमी नाहीत.

दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू करायची असेल तर अधिकला अधिक, आणि वजाची दुसरी बाजू बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ट्रक किंवा बसवरून नको, त्यांची वीज बहुधा २४ व्होल्टची असते.

राहिली जुनी बॅटरी. तिच्यात किलोच्या किलो शिसं आहे, म्हणून तिला भाव आहे आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ साली आले. जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावी, असं त्यात ग्राहकावर बंधन आहे. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे बिलातून वजा करतो, तिथेच द्या, आणि ती रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्या. दारावरचा भंगारवाला पन्नास-शंभर जास्त देईल. पण पुढे कोणीतरी ती कुऱ्हाडीनं फोडतो, ॲसिड ओढ्यात ओततो आणि शिसं उघड्या भट्टीवर वितळवतो. त्या धुराची राख मुलांच्या हातावर, अंगणातल्या मातीवर बसते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली जगाचा अंदाज मांडला होता, की जवळजवळ ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं काळजी करण्याइतकं आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे अशा फोडलेल्या बॅटऱ्या. शिशानं मुलाची बुद्धी मंदावते, आणि गेलेली परत येत नाही. फुटकी बॅटरी घरात असेल तर तिच्यावर उलटं घमेलं टाकून, मुलांच्या नि गुरांच्या वाटेपासून दूर ठेवा. तिच्या डब्यात पाणी साठवू नका, गुरांना पाणी पाजायला तर मुळीच नको.